बुगाटी घराण्याचा कलावारसा : जतनाच्या काही समस्या

चित्र किंवा मूर्ती जतन करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी संग्रहालयशास्त्रात आता पुष्कळसे मतैक्य झालेले आहे. परंतु कलावस्तू जर नित्य उपयोगाचीही असेल, म्हणजे तिच्यावर कोणी बसत असेल किंवा ती स्वतःच रस्त्यावरून धावत असेल, तर हा प्रश्न बराच अवघड होतो. खुर्चीवर बसू दिले तर ती झिजते. मोटार चालविली तर तिचे भाग बदलावे लागतात. उलटपक्षी, न चालणारी मोटार हा तिच्या कर्त्याच्या कलेचा पूर्ण पुरावा ठरू शकत नाही, कारण त्याने जे निर्माण केले त्यात गतीचाही समावेश होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बुगाटी घराण्याच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. या एका घराण्याच्या हातून फर्निचर, धातुशिल्पे आणि ग्राहकाच्या मागणीबरहुकूम बांधलेल्या मोटारी अशा तिन्ही प्रकारच्या वस्तू निर्माण झाल्या. आणि जतनाचे जवळजवळ सर्व मार्ग या वस्तूंवर अजमावून झालेले असल्यामुळे त्यांचे परिणामही आज तपासून पाहता येतात.

१. घराणे आणि त्याचे कार्य

कार्लो बुगाटी (१८५६–१९४०) हा मिलानचा फर्निचर-कलावंत. अक्रोडासारख्या लाकडावर चर्मपत्र ताणून बसविणे, त्यात तांबे, पितळ, कथलाचा मिश्रधातू व हाड यांचे जडावकाम करणे, आणि कडांना रेशमी गोंडे लावणे ही त्याच्या कामाची ओळख होती. १९०२ साली तुरीन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याने गोगलगाईच्या शंखाच्या आकारावर बेतलेली एक संपूर्ण खोली मांडली. तीतील खुर्च्या 'कोब्रा' या नावाने प्रसिद्ध आहेत. या खुर्चीची पाठ, बैठक व पाय ही सलग वळणाने एकमेकांत मिसळून जातात आणि वरून चर्मपत्राचे आवरण असल्यामुळे लाकडाचा एकही सांधा दृष्टीस पडत नाही.

कार्लोचा थोरला मुलगा एत्तोरे (१८८१–१९४७) याने मिलानमधील प्रिनेत्ती आणि स्तुक्की यांच्या कारखान्यात उमेदवारी करून पुढे १९०९ साली अल्सासमधील मोल्सहाइम येथे स्वतःचा मोटार-कारखाना सुरू केला. अल्सास त्या वेळी जर्मनीत होता. पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला. धाकटा मुलगा रेंब्रांट (१८८४–१९१६) हा प्राण्यांची शिल्पे घडविणारा शिल्पकार होता. अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात त्याने दीर्घकाळ काम केले, आणि १९१६ साली पॅरिसमध्ये आत्महत्येने त्याच्या जीवनाचा अंत झाला. एत्तोरेचा मुलगा जाँ (१९०९–१९३९) याची गती मुख्यतः मोटारीच्या बॉडीच्या रेखाटनात होती. मोटारीची चाचणी घेत असताना १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्याचा अपघाती मृत्यू झाला.

या तिघा-चौघांच्या कामांत केवळ रक्ताचे नाते आहे असे नाही. एत्तोरेच्या 'टाइप ३५' या १९२४ सालच्या शर्यतीच्या मोटारीत पुढचा आस पोकळ घडवून त्यात चौकोनी छिद्रे ठेवली होती व त्यांतून स्प्रिंगा आरपार नेल्या होत्या. चाक आणि ब्रेकचा ड्रम हे ॲल्युमिनियमचे एकच ओतकाम होते. दोन भाग जेथे एकत्र येतात ती जागा हीच अशा ठिकाणी सौंदर्याची जागा होते. बापाने चर्मपत्राखाली सांधा लपविला. मुलाने तो उघडा ठेवून रेखीव केला. नातवाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९३५ सालची 'एरोलिथ' ही नमुन्याची मोटार मॅग्नेशियमच्या एका मिश्रधातूची होती. हा पत्रा सहजी जोडकाम करण्याजोगा नसल्यामुळे त्याच्या कडा बाहेर काढून रिव्हेटांनी बांधल्या गेल्या. पुढे 'अटलांटिक' या मोटारी ॲल्युमिनियमच्या झाल्या, आणि ती अडचण उरली नाही. तरीही टपाच्या मध्यातून पाठीच्या कण्यासारखी जाणारी ती रिव्हेटांची ओळ जाँने मुद्दाम कायम ठेवली. रेंब्रांटच्या एका शिल्पावरून घेतलेला मागील पायांवर उभा राहिलेला हत्ती 'रोयाल' या प्रचंड मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर बसविण्यात आला, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे यांपैकी कोणतीही एक वस्तू नीट समजावयाची तर दुसरी डोळ्यांपुढे असावी लागते.

२. फर्निचरच्या जतनातील अडचणी

कार्लोच्या फर्निचरचे सौंदर्य ज्या मिश्रणात आहे, तेच त्याच्या नाशाचे कारण आहे. लाकूड व चर्मपत्र ही दोन्ही द्रव्ये हवेतील ओलावा शोषून फुगतात व कोरड्या हवेत आक्रसतात. परंतु त्यांचे फुगण्याचे प्रमाण व दिशा सारखी नसते. धातू तर ओलाव्याला दादच देत नाही. परिणामी लाकूड हलले की त्यात बसविलेली पितळेची पट्टी उचलली जाते, आणि चर्मपत्र ताणले गेले की ते कडेला फाटते. सरसाने केलेली जोडणी अतिकोरड्या हवेत ठिसूळ होते व दमट हवेत तिला बुरशी लागते. म्हणून अशा वस्तूंसाठी सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राखणे हा पहिला उपाय समजला जातो. येथे 'स्थिर' हा शब्द आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. चर्मपत्रावर रंगविलेली नक्षी प्रकाशाने फिकी पडते. अशा द्रव्यांसाठी सामान्यतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश योग्य मानीत नाहीत.

या उपायांत तत्त्वाचा वाद फारसा नाही. खुर्चीवर कोणी बसू नये हे सर्वांना मान्य आहे, आणि तरीही ती खुर्चीच आहे याविषयी कोणास शंका येत नाही. फाटलेले चर्मपत्र काढून नवे चढविले तर मात्र लपलेला सांधा पुन्हा पाहावयास मिळेल, पण कार्लोच्या हाताने ताणलेले चर्म कायमचे जाईल. त्यामुळे सुज्ञ जतनकार शक्यतो आवरण उघडीत नाही. क्ष-किरणांनी आतील बांधणी पाहून घेतो व मूळ चर्म जेथल्या तेथे घट्ट करतो.

३. मोटारीचे तीन मार्ग

मोटारीच्या बाबतीत मात्र असे मतैक्य नाही. येथे जीर्णोद्धार, प्रतिकृती आणि यथास्थित जतन असे तीन मार्ग दिसतात.

जीर्णोद्धाराचे उदाहरण म्हणून 'रोयाल' वर्गातील एका मोटारीचा इतिहास पाहण्याजोगा आहे. १२.७ लिटर क्षमतेच्या इंजिनाच्या या मोटारी एकंदर सहाच बांधल्या गेल्या, आणि त्या काळात ग्राहक मिळाले ते केवळ तिघींना. (उरलेल्या इंजिनांचा उपयोग एत्तोरेने १९३३ पासून रेल्वेच्या मोटारडब्यांसाठी केला.) या तिघींपैकी एकीची बॉडी म्युनिकच्या वाइनबर्गर यांनी एका जर्मन डॉक्टरसाठी बांधली. मालकाबरोबर ती अखेर न्यूयॉर्कला पोहोचली व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडली. जनरल मोटर्समधील अभियंता चार्ल्स चेन याने ती विकत घेऊन वाचविली, यात संशय नाही. परंतु ती चालावी म्हणून त्याने एका कार्ब्युरेटरच्या जागी चार बसविले, ब्रेक द्रवदाबाचे केले आणि काळा रंग काढून पांढरा दिला. ही मोटार आज अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. ती एत्तोरेची आहे हे जितके खरे, तितकेच ती चेनचीही आहे हे खरे. वाचविणे आणि बदलणे या दोन क्रिया येथे एकाच हाताने, एकाच सद्हेतूने घडल्या.

'अटलांटिक' वर्गातील प्रश्न याहून तीव्र आहे. चारच मोटारी झाल्या. त्यांपैकी खुद्द जाँच्या वापरातील मोटारीचा दुसऱ्या महायुद्धापासून ठावठिकाणा नाही. आणखी एका मोटारीला १९५५ साली फ्रान्समध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीची धडक बसून तिचा चक्काचूर झाला, आणि तिच्या अवशेषांतून पुढे ती पुन्हा उभी करण्यात आली. मूळ धातूचा किती अंश उरला म्हणजे वस्तू मूळची म्हणावी, हा तर्कशास्त्रातील जुना प्रश्न येथे बाजारभावाचा प्रश्न होऊन बसतो. आणि म्हणूनच त्याचे उत्तर निःपक्षपातीपणे मिळणे कठीण जाते.

प्रतिकृतीचा मार्ग कित्येकांना कमी प्रतीचा वाटतो. परंतु तो प्रामाणिकपणे अवलंबिल्यास उपयुक्त ठरतो. एस्देर या ग्राहकासाठी जाँने १९३२ च्या सुमारास 'रोयाल'वर एक उघडी दोन आसनी बॉडी बांधली होती. मालक रात्री मोटार चालवीत नसल्यामुळे तिला पुढचे दिवेच लावलेले नव्हते! पुढच्या मालकाने ती बॉडी काढून दुसरी बसविली व पहिली नष्ट झाली. फ्रान्समधील मुलूझच्या संग्रहालयाने सुटे भाग व छायाचित्रे यांच्या आधारे तिची प्रतिकृती तयार करविली. नष्ट झालेल्या 'एरोलिथ'चीही प्रतिकृती कॅनडातील कारागिरांनी मॅग्नेशियमचाच पत्रा वापरून केली. हा पत्रा तापवून वाकविताना व रिव्हेटांनी जोडताना जे ज्ञान मिळाले, ते कोणत्याही छायाचित्रातून मिळण्याजोगे नव्हते. 'ही प्रतिकृती आहे' असे स्पष्ट लिहिलेले असेल तोवर तिच्यापासून अभ्यासकाला हानी नाही.

तिसरा मार्ग म्हणजे वस्तू आहे त्या स्थितीत ठेवणे. स्वित्झर्लंडमधील आस्कोना येथे, माज्जोरे सरोवराच्या तळाशी, १९२५ सालची एक 'ब्रेशिया' बुगाटी अनेक दशके पडून होती. जकात न भरल्यामुळे ती पाण्यात सोडण्यात आली असे सांगतात. २००९ च्या जुलैमध्ये ती वर काढण्यात आली व पुढील वर्षी पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरोंना विकली गेली. तिची एक बाजू गाळात रुतल्यामुळे बरीच टिकली होती, दुसरी गंजाने जाळीदार झाली होती. विकत घेणाऱ्याने तिचा जीर्णोद्धार केला नाही. ती तशीच प्रदर्शनात मांडली. ती कधीही चालणार नाही. परंतु तिच्यावर मोल्सहाइमच्या कारागिरांनंतर कोणाचाही हात फिरलेला नसलेले भाग अद्याप पाहता येतात, आणि चकचकीत जीर्णोद्धारित मोटारींत नेमके हेच हरवलेले असते.

४. संग्रह कोणाचा?

जतनाचा विचार केवळ तंत्राचा नाही, हे मुलूझच्या इतिहासावरून दिसून येते. हान्स व फ्रिट्झ श्लुम्प्फ हे बंधू अल्सासमध्ये कापडगिरण्यांचे मालक होते. विशेषतः फ्रिट्झने बुगाटी मोटारींचा अविरत संग्रह केला. १९६३ साली मोल्सहाइमचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला, तेव्हा तेथील मोटारी त्याने घेतल्या. १९६४ साली अमेरिकेतील एका संग्राहकाच्या ३० बुगाटी त्याने एकदम खरीदल्या. हे सर्व मुलूझमधील एका जुन्या गिरणीच्या इमारतीत, लोकांच्या दृष्टीआड चालले होते. पुढे गिरण्या डबघाईस आल्या, बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले आणि १९७७ च्या मार्चमध्ये काम गमावलेल्या कामगारांनी ती इमारत ताब्यात घेतली. आत शेकडो मोटारी, नक्षीदार दिव्यांच्या खांबांच्या रांगांमध्ये, ओळीने उभ्या होत्या.

कामगारांचा रोष समजण्याजोगा होता. आपले वेतन कोठे गेले याचे उत्तर त्यांना तेथे दिसले. तरीसुद्धा सुमारे दोन वर्षे त्यांनी तो संग्रह राखला व लोकांना पाहण्यास खुला केला. १९७८ साली फ्रेंच शासनाने त्यास ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिल्यामुळे मोटारी वेगवेगळ्या विकून संग्रह मोडण्याचा मार्ग बंद झाला; १९८१ साली तो एका संस्थेने विकत घेतला व १९८२ साली राष्ट्रीय मोटार-संग्रहालय म्हणून उघडण्यात आला. आज शंभराहून अधिक बुगाटी तेथे आहेत. येथे एका श्रीमंताचा छंद, कामगारांचा लढा व शासनाचा कायदा या तिन्ही गोष्टी नसत्या तर हा वारसा एकत्र राहिला नसता. आणि या तिघांचे हेतू मात्र परस्परविरोधी होते.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथील मलिन संग्रहालयाचे आहे. कार्लोचे फर्निचर, रेंब्रांटची शिल्पे आणि एत्तोरे व जाँच्या मोटारी एकाच छपराखाली पाहता येतील, अशा मोजक्या ठिकाणांपैकी ते एक होते. सरोवरातील ती 'ब्रेशिया'ही तेथेच होती. संस्थापक पीटर मलिन २०२३ साली निवर्तले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत संग्रहालय बंद झाले. काही मोटारी दुसऱ्या संग्रहालयास मिळाल्या, काही लिलावात गेल्या. वस्तू नष्ट झाल्या नाहीत; परंतु त्यांचे परस्परांशी असलेले सान्निध्य नष्ट झाले.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, या घराण्याच्या वारशाला खरा धोका गंजापेक्षा विभागणीचा आहे. फर्निचर पॅरिसच्या ऑर्सेसारख्या कलासंग्रहालयांत, शिल्पे शिल्पदालनांत, मोटारी मोटार-संग्रहालयांत आणि रेखाटने अभ्यासमंडळांकडे, अशी वाटणी झाली म्हणजे प्रत्येक वस्तू सुरक्षित राहूनही तिचा अर्थ अपुरा राहतो. सर्व वस्तू पुन्हा एकत्र आणणे शक्य नाही, आणि कदाचित इष्टही नाही. शक्य आहे ते नोंदींचे काम. इंग्लंडमधील प्रेस्कॉट येथील बुगाटी ट्रस्टने कारखान्याची रेखाटने, छायाचित्रे व कागदपत्रे जमविण्याचे जे काम चालविले आहे, त्याचे महत्त्व या दृष्टीने एखाद्या 'रोयाल'पेक्षा कमी नाही.

संशोधकाने व संग्रहालयाने म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरावा असे वाटते. पहिली, प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद : कोणता भाग काढला, कोणता घातला, काढलेला कोठे ठेवला. चेनने काढलेला कार्ब्युरेटर व त्याची नोंद एकत्र असती तर त्याचा बदल परतविता आला असता. दुसरी, ज्या वस्तूवर अद्याप कोणाचाही हात फिरलेला नाही, तिची निदान एक तरी प्रत प्रत्येक प्रकारात तशीच राहू द्यावी. चालत्या मोटारी इतर पुष्कळ आहेत. तिसरी, वस्तूच्या वर्णनात तिच्या भावंडांचाही निर्देश असावा, म्हणजे कोब्रा खुर्चीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास 'अटलांटिक'च्या पाठीवरील रिव्हेटांची ओळ कोठे पाहावी हे कळेल, आणि त्या मोटारीपाशी उभ्या असलेल्यास त्या खुर्चीकडे परतता येईल.