बीजवाहिनीचा अडथळा : दोष जंतूंचा की रक्ताचा?

लग्नाला वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, म्हणजे वांझपणाचा ठपका सुनेवर ठेवून तिच्या दैवाला आणि माहेरच्या रक्ताला दूषणे द्यावयाची, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. परंतु ज्या स्त्रियांची ‘ट्यूब बंद’ असल्याचे निदान होते, त्यांच्या प्रकरणाचा शोध मुळापर्यंत नेला, तर बहुधा जंतुसंसर्गच हाती लागतो.

गाब्रिएले फालोप्पियो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1561 साली जिचे वर्णन प्रसिद्ध केले, ती सुमारे 10 ते 12 सेंटिमीटर लांबीची बीजवाहिनी म्हणजे निव्वळ पोकळ नळी नव्हे. तिच्या अस्तरावरील सूक्ष्म रोमक सतत हलत राहून स्त्रीबीजाला गर्भाशयाकडे लोटतात, आणि फलनही तिच्यातच होते. लैंगिक संबंधांतून येणारा क्लॅमिडियाचा किंवा परम्याचा जंतू तेथवर चढला, की रोमक झडतात, अस्तराच्या नाजूक घड्या एकमेकींस चिकटतात. आणि क्लॅमिडियाची स्वारी तर पुष्कळदा ताप वा वेदना यांची वर्दी न देताच येते. स्वीडनमधील लुंड येथील दीर्घ पाहणीत ओटीपोटाचा असा दाह एकदा झालेल्या स्त्रियांपैकी शेकडा 8, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे 20 आणि तीन वा अधिक वेळा झालेल्यांपैकी 40 जणींना नलिकाजन्य वंध्यत्व आल्याचे आढळले.

आपल्या देशात या यादीत क्षयाचे नाव ठळकपणे घालावे लागते. फुफ्फुसातील जंतू रक्तावाटे बीजवाहिन्यांत मुक्काम करतो, आणि क्ष-किरणचित्रात नळी कधी मण्यांच्या माळेसारखी दिसते. औषधांनी जंतू मरतो. मात्र पडलेले व्रण मागे राहतात.

मग आनुवंशिकतेचा वाटा कोणता? एकाच जंतूने ग्रासलेल्या दोघींपैकी एक निर्वेध बरी होते आणि दुसरीची नळी कायमची बुजते, या भेदामागे रोगप्रतिकारक शक्तीचे नियमन करणाऱ्या जनुकांतील फरक काही अंशी असावेत, असे संशोधक मानतात. रोमकांची हालचालच जन्मतः मंद किंवा सदोष असण्याचा आनुवंशिक विकार मात्र विरळा आहे.

बंद नळी वगळून बीज थेट अंडाशयातून घेण्याची तजवीज आता उपलब्ध आहे. 1978 मध्ये जन्मलेल्या लुईस ब्राऊन या पहिल्या ‘टेस्ट ट्यूब’ बाळाच्या आईच्याही बीजवाहिन्या बंदच होत्या. तरीही वेळीच केलेली तपासणी केव्हाही श्रेयस्कर, आणि ती दोघांची हवी. कारण स्वतःला काहीही त्रास न होता पतीच क्लॅमिडियासारखा संसर्ग घरी आणू शकतो, आणि त्याला वगळून एकट्या पत्नीस दिलेले औषध पुढच्या संसर्गास वाट मोकळी ठेवते.