बॅगा घेऊन विमानतळावरून रेल्वेने: मुंबईपुरते काही गैरसमज

मुंबईच्या विमानतळाखालून जाणारी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावते आहे. तरीही परदेशातून येणाऱ्या मुलाला किंवा नागपूरहून विमानाने येणाऱ्या मावशीला घरून एकच सल्ला जातो: "सरळ टॅक्सी कर, बॅगा घेऊन गाडीत कुठे चढणार?" हा सल्ला लोकलच्या दिवसांतला आहे आणि लोकलपुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. दुसऱ्या टोकाला मेट्रोवर खूश असलेली मंडळी असतात. विमान किती वाजता उतरते, सोबत कोण आहे, बॅगा किती आहेत हे न विचारताच ती सगळ्यांना मेट्रोने जायला सांगतात. या दोघांच्या मध्ये प्रवाशाचे हाल होतात. म्हणून काय खरे आणि काय ऐकीव, ते नीट पाहायला हवे.

"एअरपोर्ट रोडला उतरलं की विमानतळ आलाच"

सगळ्यात जास्त लोकांना फसवणारा गैरसमज हाच. वर्सोवा ते घाटकोपर ही 'मेट्रो १' मार्गिका जून २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर 'एअरपोर्ट रोड' नावाचे स्थानक आहे. हे स्थानक अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आहे, टर्मिनलच्या दाराशी नाही. तिथून टर्मिनल २ गाठायला बॅगांसकट रिक्षा शोधावी लागते.

विमानतळाची खरी स्थानके मेट्रो ३ वर, म्हणजे अॅक्वा लाईनवर आहेत. दक्षिणेकडून आलात तर सांताक्रूझनंतर विमानतळ टी १, मग सहार रोड, मग विमानतळ टी २ आणि त्यानंतर मरोळ नाका. टी १ आणि टी २ मध्ये एकच स्थानक येते. एका टर्मिनलवर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा, कारण दोन टर्मिनल एका इमारतीत नाहीत आणि रस्त्याने जाताना हमरस्त्यावरची कोंडी आडवी येते.

मरोळ नाक्याला मेट्रो ३ आणि मेट्रो १ एकमेकींना भेटतात. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे जाणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा, की टी २ वरून एक स्थानक मरोळ नाका, तिथून मेट्रो १ ने घाटकोपर आणि पुढे मध्य रेल्वेची लोकल. कागदावर हे छान दिसते. पण मेट्रो ३ जमिनीखाली आहे आणि मेट्रो १ उन्नत मार्गावर, त्यामुळे मरोळला बॅगा घेऊन बरेच वर चढावे लागते. शिवाय मेट्रो १ ची गाडी चार डब्यांची असते आणि घाटकोपरची गर्दी मुंबईकराला सांगायला नको. एका बॅगेचा प्रवासी दुपारी हा रस्ता आरामात धरू शकतो. संध्याकाळी सहा वाजता दोन मोठ्या बॅगा असतील, तर त्याने हा विचार सोडून द्यावा.

"बॅगा घेऊन गाडीत चढताच येत नाही"

लोकलला हे लागू आहे, मेट्रो ३ ला नाही. लोकल स्थानकात काही सेकंदच थांबते, फलाट आणि पायदान यांच्यात फट असते, उतरणाऱ्यांचा लोंढा दारातच भेटतो. मेट्रो ३ मध्ये फलाटाच्या काठावर काचेची दारे आहेत, गाडीची जमीन फलाटाला समतल आहे, डबे आठ आहेत आणि लिफ्टने फलाटापर्यंत जाता येते. चाकांची बॅग उचलावी लागत नाही, ढकलत आत नेता येते. हा फरक साधा वाटतो, पण बॅगांचा सगळा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो.

सरकत्या जिन्यावर मात्र मोठी बॅग ठेवू नका. ती घसरली तर मागच्या माणसाच्या अंगावर जाते. लिफ्टसाठी दोन मिनिटे थांबा, आणि समोर चाकाच्या खुर्चीवरचे कुणी किंवा म्हातारे माणूस असेल तर त्यांना आधी जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. विमानतळावरची ट्रॉली मेट्रोच्या डब्यात येत नाही आणि मेट्रोच्या फलाटावर हमालही नसतात. टर्मिनलपासून गाडीपर्यंतचे अंतर आणि उतरल्यावर घरापर्यंतचे अंतर बॅगा तुम्हालाच ओढायच्या असतात. तेव्हा माझ्या मते कसोटी एकच आहे: आपले सगळे सामान आपण एकट्याने, न थांबता, पाचशे पावले नेऊ शकतो का? नेऊ शकत असाल तर मेट्रो घ्या. नसाल तर टॅक्सीचे पैसे वाया गेले असे समजू नका. चार माणसांचे कुटुंब, आठ बॅगा आणि कडेवर झोपलेले मूल असेल तर टॅक्सीच योग्य.

"विमानतळाचे स्टेशन म्हणजे भाडे जास्त"

हा समज बाहेरून आला आहे आणि त्याला कारणही आहे. लंडनच्या हीथ्रोहून पॅडिंग्टनला जाणारी हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पोचवते, पण ती महाग आहे. त्याच प्रवासाला एलिझाबेथ लाईन साधारण अर्धा तास घेते आणि बरीच स्वस्त पडते. मुलांकडे लंडनला जाणाऱ्या आई-बाबांनी घाईने पहिली गाडी पकडण्याआधी हे पाहावे. दिल्लीतही नवी दिल्ली स्थानकाहून विमानतळाकडे जाणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस ही वेगळी मार्गिका आहे.

मुंबईत तसे काही नाही. मेट्रो ३ वर भाडे अंतरावर ठरते. सुरू झाली तेव्हा ते किमान १० आणि आरे ते कफ परेड या संपूर्ण ३३.५ किलोमीटरला कमाल ७० रुपये होते. टी २ वरून सीएसएमटीला साधारण पाऊण तास लागतो. पावसाळ्याच्या संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर अडकलेल्या टॅक्सीला ही वेळ गाठता येत नाही.

पावसावरून आठवण झाली. २६ मे २०२५ रोजी आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले आणि तेव्हापासून "भुयारी मेट्रो पावसात बुडते" असे पक्के झाले. पाणी शिरले होते हे खरे आहे आणि वरळी ते आचार्य अत्रे चौक या टप्प्यावरची सेवा त्या दिवशी थांबवावी लागली होती. पण ते पाणी बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून आले होते. त्या एका दिवसावरून सगळा मार्ग बाद ठरवणे चुकीचे आहे. मुसळधार पावसात निघण्याआधी सेवा चालू आहे का, हे मात्र जरूर पाहावे.

"दादरला उतरून गावची गाडी पकडू"

कोकणात, कोल्हापूरला, विदर्भात जाणाऱ्यांनी इथे फार जपायला हवे. मेट्रोचे नाव आणि रेल्वेचे नाव एक असले तरी जागा एक असेलच असे नाही. दादर मेट्रो स्थानक पश्चिमेला गोखले रस्त्याच्या बाजूला आहे. तिथून रेल्वे स्थानकापर्यंत बाजारातल्या गर्दीतून दहा-बारा मिनिटे चालावे लागते आणि बॅगा असतील तर त्याहून जास्त. सांताक्रूझ मेट्रोही सांताक्रूझ रेल्वे स्थानकाला लागून नाही, ती पूर्वेला महामार्गाकडे आहे. उलट सीएसएमटीला मेट्रो आणि रेल्वे भुयारी पादचारी मार्गाने जोडलेली आहेत. तुमची गाडी सीएसएमटीहून सुटत असेल तर दादरचा मोह टाळून तिथेच जा. रिकाम्या गाडीत निवांतपणे बॅगा लावता येतात आणि तिथे हमालही मिळतो.

मुंबई सेंट्रलची गाडी असेल तर मेट्रोच्या नकाशात 'मुंबई सेंट्रल' शोधत बसू नका. तिथल्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली, त्यामागच्या कंपनीच्या संचालकांत नाना शंकरशेट होते. त्यांचे नाव एका स्थानकाला मिळाले, हे योग्यच झाले. लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा वांद्रे टर्मिनसला जायचे असेल तर मेट्रो ३ उपयोगाची नाही. विमानतळावरून थेट रिक्षा किंवा टॅक्सी करा.

लोकलचे काय?

बंदी नाही. टी १ ला विलेपार्ले जवळ आणि टी २ ला अंधेरी. पण वेळ साधावी लागते. सकाळी आठ ते अकरा चर्चगेटकडे आणि संध्याकाळी पाचनंतर विरारकडे बॅग घेऊन चढू नका. उलट्या दिशेला त्याच वेळी जागा मिळते. जलद लोकलपेक्षा अंधेरीहूनच सुटणारी धीमी लोकल पकडा, रविवारी आधी ब्लॉक आहे का पाहा. आणि मालडबा मोकळा दिसला म्हणून त्यात शिरू नका. तो माल नेणाऱ्या विक्रेत्यांसाठी आहे, साध्या प्रवासी तिकिटावर तिथे बसणे नियमात बसत नाही.

आखाती देशांतून आणि युरोपातून येणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात, आणि मेट्रो ३ पहाटे सहाच्या सुमारास सुरू होऊन रात्री साडेदहाला थांबते. दोन वाजता उतरलेल्याला मेट्रोचा सल्ला देण्यात अर्थ नाही. त्या वेळी रस्ते मोकळे असतात, टॅक्सी घ्यावी. साडेपाचला उतरला असाल, तर बॅगा हातात येईपर्यंत पहिली गाडी निघण्याची वेळ झालेलीच असते.

शेवटी तिकिटावरचे विमानतळाचे नाव वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने सुटू लागली आहेत, आणि अॅक्वा लाईन तिथे जात नाही.