प्लास्टिकच्या अंगावरील चकचकीत रंग

मोटारीचा पत्रा रंगविण्यात आमच्या भागातील रंगारी मुलांचा हात चांगला बसलेला आहे. परंतु बंपर प्लास्टिकचे झाल्यापासून हे काम निराळे झाले. कंग्राळीपासून उद्यमबागेपर्यंतच्या गॅरेजांत आपल्या सभासदांचीही मुले आहेत. म्हणून चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्लास्टिकचे अंग ही आजची नवलाई नव्हे. अमेरिकेत 1953 साली कॉर्व्हेट मोटार काचतंतूच्या अंगाची निघाली. आपल्या बंगळूरच्या सिपानी कारखान्याची डॉल्फिन तशीच होती, आणि 2001 साली तेथेच निघालेल्या रेवा या विजेच्या गाडीचे पत्रेही प्लास्टिकचे. (पत्रा म्हणण्याची सवय काही सुटत नाही!)

आजचे बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात, आणि हे द्रव्य मोठे तुसडे. मेणासारख्या त्याच्या अंगाला रंग धरतच नाही. वजूशिवाय नमाज नाही, तद्वत येथे धुतल्यापुसल्याशिवाय रंग नाही. साबणाच्या पाण्याने धुवावे, वाळवावे, बारीक पॉलिश पेपरने घासावे, पुन्हा पुसावे. मग क्लोरिन जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे पातळ अस्तर फवारावे. ते अर्धे बंपरच्या जातीचे, अर्धे रंगाच्या. सोयरीक जुळविणाऱ्या मध्यस्थासारखे दोघांनाही धरून ठेवते. कारखान्यांत पुष्कळदा त्यासाठी ज्योतच झरझर फिरवितात. वर रंग आणि शेवटी क्लिअर. बंपर वाकतो, म्हणून क्लिअरमध्ये लवचीकपणा आणणारे द्रव्य घालतात. नाहीतर तडे जातात. भट्टीही मवाळ हवी. पोलादी सांगाड्याचे पहिले अस्तर 160 अंशांच्या पुढे भाजतात; बंपरला साधारण 80 अंश पुरेत.

आता मुख्य गोष्ट. चकाकी टिकते ती क्लिअरमध्ये मिसळलेल्या हार्डनरमुळे, आणि त्यात आयसोसायनेट असते. त्याला ओलावा खपत नाही. पावसाळ्यात क्लिअरवर फोड येतात ते पुष्कळदा यामुळेच. पण फोड घासून काढता येतात, छातीचे तसे नाही. भोपाळला 1984 साली सुटलेला वायू याच कुळातला. हार्डनर तितका जहाल नसला तरी त्याचा फवारा छातीत जाऊन दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही श्वास कोंडतो. मग हा धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरविणारा मुखवटा, हातमोजे आणि दूषित हवा ओढून घेणारा पंखा हवा. मालकाने मुखवट्याचा खर्च जड आहे म्हटले तर पालकांनी स्वतः जाऊन बोलावे. मुलाला संध्याकाळी खोकला येतो, छाती आवळते आणि सुटीच्या दिवशी बरे वाटते असे दिसले, तर डॉक्टरांना त्याचे काम कोणते ते आधी सांगावे.