आमचा कॉम्प्युटर अडला कुठे?



२०२१ च्या जूनमध्ये आमच्या प्रभागसंघानं ऑफिससाठी कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला. टेबलावरचा, साधाच. गटांची कर्जं, हप्ते, बँकेचे अर्ज, सगळं टाइप करायला आम्ही बाहेर पानामागे पैसे मोजत होतो. तालुक्याच्या दुकानातून कोटेशन आणलं, दहा हजार ॲडव्हान्स दिला. दुकानदार म्हणाला, पंधरा दिवसांत आणून देतो.

जुलै गेला. गणपती आले आणि गेले. फोन केला की उत्तर ठरलेलं, "ताई, वरूनच माल नाही. चिपचं शॉर्टेज आहे." बैठकीत आधी चेष्टा झाली, मग कुजबुज सुरू झाली. सप्टेंबरच्या बैठकीत एकीनं उभं राहून सरळ विचारलं, ते दहा हजार खरंच दुकानात आहेत का? आमच्या खजिनदार ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. तेव्हा आम्ही तिघीचौघींनी ठरवलं, हे चिपचं प्रकरण काय आहे ते नीट समजून घ्यायचं. दुकानदार थापा मारत असेल तर तेही कळेल.

चिप म्हणजे नखाएवढा तुकडा. वाळूत जे सिलिकॉन असतं ते अतिशय शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या कापतात. मोठी चकती बारा इंचांची, आपल्या जेवणाच्या ताटाएवढी. त्या एका ताटावर शेकडो चिपा एकदम तयार होतात. पण घाईचं काम नाही. थर चढवायचा, नक्षी उमटवायची, नको ते खरवडायचं, धुवायचं, पुन्हा थर. अशा शेकडो पायऱ्या. ताट कारखान्यात शिरलं की बाहेर पडायला साधारण तीन महिने लागतात. नवा कारखाना उभा करायचा म्हटलं तर दोन-तीन वर्षं. म्हणजे आज मागणी वाढली म्हणून उद्या दोन घाणे जास्त काढू, असं इथे होत नाही.

आणि मागणी तर अचानक वाढली. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, ऑफिसं घरात आली, शाळा मोबाइलवर आणि लॅपटॉपवर आल्या. त्याच वेळी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना वाटलं, आता गाडी कोण घेणार? त्यांनी चिपांच्या ऑर्डरी रद्द केल्या. काही महिन्यांतच गाड्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. पण मंगल कार्यालयाची तारीख आपण सोडली की ती दुसरं कोणी घेतंच ना? तसंच झालं. गाडीवाले परत आले तेव्हा रांगेत मागे उभे राहिले. मारुती सुझुकीनं सप्टेंबर २०२१ साठी सांगितलं होतं, नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच गाड्या बनतील. जिओचा स्वस्त स्मार्टफोन गणेश चतुर्थीला येणार होता, तो दिवाळीत आला. म्हणजे थांबलेल्या आम्ही एकट्या नव्हतो.

त्यात माणसाचा स्वभाव. टाळेबंदीत आपणही साखर, चहापूड जरा जास्तीच भरून ठेवली होती, खरं ना? कंपन्यांनीही मिळेल न मिळेल म्हणून गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवली. रांग आणखी लांबली.

आम्हाला सगळ्यात जास्त जवळची वाटली ती तैवानची गोष्ट. जगातल्या सगळ्यात नाजूक, भारी चिपा बहुतेक तिथे बनतात. छोटंसं बेट. तिथला पाऊस बराचसा वादळांवर अवलंबून, आणि २०२० मध्ये एकही मोठं वादळ बेटावर आलं नाही. २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत धरणं तळाला गेली. चिपा धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, तेही रोज टाकीच्या टाकी. कारखान्यांनी टँकर लावले. आणि भातशेतीचं पाटाचं पाणी सरकारनं हजारो हेक्टरवर बंद केलं. शेतकऱ्यांना भरपाई दिली, पण शेतं पडीक राहिली. पाणी आधी कारखान्याला की शेताला, हा वाद आपल्याकडे काही नवा नाही. आमच्या एका मैत्रिणीनं हे ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे आपल्या कॉम्प्युटरसाठी तिथल्या बाईचा भात गेला?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. जूनमध्ये तिथे पाऊस आला.

त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळानं वीज गेली, तिथले चिप कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमधल्या एका कारखान्याला आग लागली. संकटं एकामागून एक.

आता तुम्ही म्हणाल, एका चिपेसाठी अख्खा कॉम्प्युटर का अडावा? पुरण शिजलं, कणीक मळली आणि घरात गॅसच संपला, तर पोळी होते का? कॉम्प्युटरमध्ये मुख्य प्रोसेसर महाग असतो, पण त्याच्याभोवती वीज सांभाळणाऱ्या, पडदा चालवणाऱ्या, इंटरनेट जोडणाऱ्या लहान, स्वस्त चिपाही असतात. त्या जुन्या यंत्रांवर बनतात. नफा थोडा, म्हणून त्यांच्यासाठी नवा कारखाना कोणी पटकन काढत नाही. नेमक्या त्याच संपल्या. आणखी गंमत ऐका. प्रोसेसरच्या खाली जी पट्टी असते, तिच्यात एक पातळ फिल्म लागते. ती बनवते जपानची अजिनोमोटो कंपनी. हो, चायनीजच्या गाडीवर पांढरी पूड टाकतात तीच! या फिल्मच्या पट्ट्या बनवणारे कारखाने जगात मोजके, तिथेही रांग.

गंमत अशी, की २०२१ मध्ये जगात कॉम्प्युटर कमी विकले गेले नाहीत. ३४ कोटींच्या आसपास गेले, २०१९ पेक्षा कितीतरी जास्त. पण हाताशी असलेले सुटे भाग कंपन्यांनी आधी लॅपटॉपना आणि महागड्या मशीनना लावले. मोठ्या गिऱ्हाइकाला आधी माल. तालुक्याच्या दुकानातला एक साधा डेस्कटॉप शेवटच्या ओळीत.

तर दुकानदार खोटं बोलत नव्हता. पण पूर्ण खरंही नाही. माल कधी येणार हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी "पंधरा दिवस" म्हणून त्यानं पैसे घेतले. वर ऑक्टोबरमध्ये म्हणाला, तीन हजार वाढलेत. आम्ही कोटेशन काढून बघितलं. त्यावर भाव किती दिवस टिकणार हे लिहिलंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. चूक आमचीही. शेवटी दीड हजारावर तुटलं.

आता आम्ही वस्तू घेताना मॉडेल नंबर, भावाची मुदत आणि माल न आल्यास ॲडव्हान्स किती दिवसांत परत, हे कागदावर लिहून शिक्का मारून घेतो. पैसे दिले त्याच दिवशी रोजकीर्दीत ॲडव्हान्स म्हणून नोंद, पावतीची प्रत बैठकीच्या फाइलला. ती पावती आमच्या खजिनदार ताईंच्या कपाटात होती, फाइलला नव्हती. एवढ्यावरून ते सगळं झालं.

आणि थांबणं परवडत नसेल तर जुना कॉम्प्युटर टाकू नका. त्यात एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली तर हिशोबाच्या कामाला तो चांगला पळतो. कंपन्यांनी काढलेली वापरलेली मशीनही मिळतात, फक्त लेखी वॉरंटी आणि पक्कं बिल घ्या.

आमचा डबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. मॉनिटर नव्हता. अध्यक्ष ताईंनी घरचा टीव्ही आणला, एका केबलवर तो जोडला गेला. जिनं सप्टेंबरमध्ये प्रश्न विचारला होता ती रजिस्टर वाचत होती, खजिनदार ताई टाइप करत होत्या. मॉनिटर संक्रांतीनंतर मिळाला.