गवसणीतला तंबोरा

दिल्लीकडून येणारी गोवा एक्सप्रेस संध्याकाळी ग्वाल्हेरला थांबते आणि दुसऱ्या दिवशी रात्री मिरजेस पोहोचते. जेवावे, झोपावे, उठून चहा घ्यावा, दुपारी पुणे यावे आणि अंधार पडल्यावर मिरज. या गाडीत तंबोरा घेऊन बसण्याचा प्रसंग मला अनेकदा आला आहे, आणि दर वेळी थोडा संकोच वाटला आहे. कारण ज्या वाटेने ग्वाल्हेरचे गाणे महाराष्ट्रात आले, ती वाट ही गाडी अशी झोपेत उरकून टाकते.

ज्यांनी ते गाणे आणले, त्यांना अशी गाडी नव्हती. आगऱ्याकडून ग्वाल्हेरपर्यंत लोहमार्ग झाला तो १८८१ साली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा जन्म १८४९ चा; म्हणजे विद्येसाठी त्यांनी उत्तरेकडे जी वणवण केली ती बहुतांशी या मार्गाच्या आधीची. धारला देवजीबुवांकडे काही काळ काढून ते पुढे ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांचे शिष्य झाले. वासुदेवबुवा हे हद्दूखाँचे शागीर्द. त्यांच्या मागून कोकणातले रामकृष्णबुवा वझेही असेच लहान वयात घर सोडून निघाले आणि अखेर ग्वाल्हेरात निसार हुसेन खाँकडे शिकले. माधुकरी आणि अन्नछत्र हीच त्या पिढीच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती होती.

घराण्याला गावाचे नाव असते, म्हणून आपली एक समजूत होते की घराणे त्या गावात राहते. ग्वाल्हेरविषयी हे अर्धेच खरे आहे. शिंद्यांच्या आश्रयामुळे हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नथ्थूखाँ यांचे ख्याल तिथे बहरले, हे निर्विवाद. परंतु आश्रय राजाच्या आयुष्याइतकाच असतो. १८८६ मध्ये जयाजीराव महाराज निवर्तले, आणि त्यांच्या दरबारातले निसार हुसेन खाँ पुढे शंकरराव पंडितांच्या घरी राहू लागले. एक मुसलमान उस्ताद आणि त्याला घरातलाच मानणारे महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंब! त्या सहवासातूनच पंडितांच्या घराण्याची विद्या उभी राहिली. याच खाँसाहेबांच्या गाण्यावर खूष होऊन व्हाइसरॉयने त्यांना रेल्वेचा कायमचा पास दिला, अशी कथा जुने लोक सांगतात. कथेचा खरेखोटेपणा कसाही असो. गवयाने जहागीर न मागता आगगाडीचा पास मागावा, यात पुढच्या काळाची चाहूल आहे.

तो पुढचा काळ बाळकृष्णबुवांच्या शिष्याने आणला. विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ साली मिरज सोडून निघाले. राजेरजवाड्यांकडे ते गायले. पण सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसाही केला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. त्या वेळी मात्र गवई बोलावणे येईपर्यंत देवडीवर बसून राही, आणि बिदागी किती मिळेल हे देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असे. चार आण्यांचे तिकीट काढून आलेला श्रोता गवयाचा धनी नसतो, आणि गवईही त्याचा आश्रित नसतो. ग्वाल्हेर, मथुरा असे मुक्काम करीत पलुसकर लाहोरला पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी तिथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

दौऱ्यावरच्या गवयाचे खरे आयुष्य मात्र मोठ्या जलशांत नसते. ते असते लहान बैठकीत. कोणा वकिलाच्या किंवा डॉक्टरांच्या दिवाणखान्यात चाळीस-पन्नास माणसे, जाजमावर पानसुपारीचे तबक, आणि दाराशी चपलांचा ढीग. गवई सकाळच्या गाडीने आलेला असतो. दुपारी यजमानांचे आप्त भेटीस येतात, कोणी आपल्या मुलीचे गाणे ऐकवतो, आणि डुलकी घ्यायची राहून जाते. तबलजी गावातलाच, त्याची ओळख बैठकीच्या आधी अर्ध्या तासाची. तरीही गाणे उभे राहते, आणि ते का राहते याचे उत्तर ग्वाल्हेर गायकीच्या बांधणीत आहे. या गायकीत अस्थाई आणि अंतरा प्रथमच स्वच्छ मांडले जातात. तिलवाडा, झुमरा, एकताल हे ठेके परिचयाचे असतात आणि लय फार विलंबित नसते, त्यामुळे अनोळखी साथीदारालाही समेची जागा चटकन सापडते. आलाप, बोलआलाप, बोलतान, तान असे एकेक अंग दाखवून राग अर्ध्या तासात पुरा होतो आणि गवई दुसऱ्या रागाकडे वळू शकतो. गुरुजनांनी ही गायकी प्रवासासाठी बांधली असे मी म्हणणार नाही. पण ती प्रवासात टिकली, याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

आता तंबोऱ्याविषयी. हा प्रवासी सर्वांत नाजूक आणि सर्वांत अवजड. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, वर तुणीच्या लाकडाची दांडी. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे ग्वाल्हेरहून विद्या मिरजेस आली, आणि मिरजेचा तंबोरा उत्तरेकडे जाऊ लागला. प्रवासाला निघताना तारा उतरवायच्या, घोडी जपायची, गवसणी चढवायची. कोकणातल्या पावसाळी हवेत लाकूड फुगून खुंट्या हलेनाशा होतात. थंडीच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या सैल पडून घसरतात. मग खडू लावा. जव्हारीतला रेशमाचा दोरा मुक्कामागणिक नव्याने सरकवावा लागतो. १९७९ च्या सुमारास बंगळूरला विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला, आणि पुष्कळ गवयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो खिशात मावतो, कधी उतरत नाही. त्याच्या स्वरात जीव नाही अशी तक्रार मीही केली आहे; पण भोपळ्याला तडा गेलेला तंबोरा एकदा फलाटावर उघडून पाहिल्यापासून ती तक्रार मी जरा हळू आवाजात करतो.

समुद्रापलीकडच्या दौऱ्यांत हे सारे अधिक कठीण होते. जुन्या तंबोऱ्याची घोडी किंवा सजावट हस्तिदंती असेल तर ते वाद्य परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एक परवाना मिळतो. त्यावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. एका लहान कार्यक्रमाच्या मानधनात विमानाचे भाडे सुटत नाही, म्हणून आठ-दहा गावे एका माळेत ओवावी लागतात, आणि मधला प्रत्येक रिकामा दिवस स्वतःच्या खर्चाचा. ग्वाल्हेरात जन्मलेल्या अमजद अली खाँसाहेबांसारख्यांना तिकडची मोठी सभागृहे लाभली. इतरांच्या वाट्याला येतात ती लहान गावातली चर्चची दालने, ग्रंथालये, नाहीतर एखाद्या महाराष्ट्र मंडळाची सभा.

अशाच एका दौऱ्यात आमच्या बुवांच्या मागे मी तंबोऱ्यावर होतो. हिवाळ्याचे दिवस, बाहेर बर्फ, आत यंत्राची कोरडी ऊब. खुंट्या एका जागी राहीनात. समोर बेचाळीस माणसे. (मी मोजली, कारण दुसरे काही करता येत नव्हते.) बुवांनी भूप मांडला. सम आली, गेली. समोर निःशब्द शांतता. ना 'वाहवा', ना मान हलली. मध्यंतरात बुवा मला म्हणाले, "अरे, समेवर बघू तरी कोणाकडे?" शेवटचा तराणा संपल्यावर ती माणसे उठून उभी राहिली आणि कितीतरी वेळ टाळ्या वाजवीत राहिली. बुवांचा चेहरा तेव्हा उजळला. मानधन मात्र ठरल्यापेक्षा कमी निघाले, आणि मुक्कामाची जागा दोन तासांच्या अंतरावर होती.

हा खर्च पैशांपुरता असता तर सोसता आला असता. विष्णु दिगंबरांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर १९३३ साली युरोपच्या दौऱ्यावर होते, आणि इकडे त्यांच्या पत्नीचे बाळंतपणात निधन झाले. दौरा अर्धा टाकून ते परतले. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय ऊर्फ बापूराव १९५५ साली सांस्कृतिक मंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. वय अवघे चौतीस. याउलट शंकररावांचे पुत्र कृष्णराव पंडित गावोगावच्या मैफली गाजवून दर वेळी ग्वाल्हेरला परत येत राहिले. १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने काढलेले विद्यालय त्यांनी तिथेच चालविले, आणि १९८९ पर्यंत शहाण्णव वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले.

डिसेंबरात तानसेनाच्या समाधीपाशी समारोह होतो, तेव्हा बाहेरगावचे गवई तिथल्या चिंचेचा पाला तोंडात टाकताना दिसतात. त्याने आवाज खुलतो असा समज आहे. आमच्या बुवांनीही एकदा तो चघळला, तोंड वाकडे केले, आणि मला म्हणाले, "आवाजाचे पुढे बघू. तू आधी तारा उतरव. गाडीला दीड तास आहे."