ढेरी मोजायची कुठे आणि कशी?

पोट पुढे आले की आपण ‘पोट सुटले’ म्हणतो. कुणी ढेरी म्हणतो, जुनी माणसे दोंद म्हणत. मोबाइलवरच्या जाहिरातींनी त्यात ‘बेली फॅट’ची भर घातली. इंग्रजीत बेली म्हणजे नुसते पोट, ढेरीला पॉट बेली म्हणतात, आणि बेली फॅट म्हणजे पोटावरची चरबी. पण ही चरबी एक नाही, दोन आहेत, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

एक चरबी कातडीखाली असते. पोटावर चिमटा काढला की बोटांत येते ती हीच. दुसरी आत, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास साठते. ती चिमटीत येत नाही. खरा धोका तिचाच. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. मग इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो, रक्तातली साखर वाढते, रक्तदाबही वाढू लागतो.

‘मी तर बारीक आहे, मला काय होणार?’ याचे उत्तर पुण्यात मिळाले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंचीच्या प्रमाणात वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा होता : 22.3. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. त्याआधी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या नवजात बाळांची मापे याज्ञिक यांच्या गटाने घेतली होती. ती बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, हातापायांनी किरकोळ होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून चालत नाही, टेप लागतो.

आता माप. पँटचा नंबर धरू नका. पुरुष पँट ढेरीच्या खाली बांधतात, त्यामुळे नंबर वर्षानुवर्षे 34 राहतो आणि पोट वाढतच असते. सरळ उभे राहा. कुशीत बोटाने शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप आडवा फिरवा. पाठीमागे तो खाली घसरत नाही ना, हे दुसऱ्याला बघू द्या. साडीच्या निऱ्या किंवा जाड कपडा मध्ये नको. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तेव्हाचा आकडा घ्या. टेप अंगाला लागावा, रुतू नये. गरोदरपणात हे माप लागू नाही.

पुरुषांत 90 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांत 80, म्हणजे साडेएकतीस इंच, ही आपल्याकडची मर्यादा. त्यापुढे आकडा गेला तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

प्रत्येक मोठे पोट चरबीचे नसते. थोड्या दिवसांत पोट फुगले, पाय सुजले, भूक गेली किंवा वजन घटत असताना पोट वाढत राहिले, तर जलोदर किंवा गाठ असू शकते. तेव्हा घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडेच जावे.

पोटाच्या व्यायामाने स्नायू घट्ट होतात, पण तेवढ्याच जागची चरबी जात नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्याने पाणी तेवढे जाते. रोज झपाझप चालणे, गोड आणि तळलेले कमी करणे, दारू सोडणे, याने चरबी सगळ्या अंगाची उतरते, आतलीही उतरते.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरून घेतात, त्यात कमरेच्या मापाचा प्रश्न असतो आणि 80 व 90 हेच आकडे असतात. नांदगाव, मनमाड किंवा नांदगाव तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर त्या दारी आल्या, तर लाजू नका, ‘नंतर बघू’ म्हणू नका. माप द्या, आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचेही घ्यायला लावा.