लस आणि तिची वेळ

वसईचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते १८०२ सालच्या तहामुळे. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तो केला, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण त्याच वर्षी १४ जूनला, खाडीपलीकडच्या मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात लागू पडलेली ती पहिली लस. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, असे करीत ती देशभर पोचली. पुढे देवीचा रोग जगातूनच गेला. १९८० साली तसे जाहीर झाले.

मग आता भीती कशाची, असे आपण विचाराल. भीती आहे गोवराची. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव इथे साथ आली, ती आपल्या वसई-विरारातही शिरली. मुंबईत लहान मुले दगावली. लस होती, फुकट होती. पुष्कळ मुलांना ती वेळेवर मिळाली नव्हती.

वेळेचे एवढे महत्त्व का? आईकडून बाळाला काही महिने पुरेल एवढी शक्ती मिळालेली असते. ती असताना गोवराची लस नीट लागू होत नाही, आणि ती सरली की मूल उघडे पडते. म्हणून पहिली मात्रा नऊ महिने पुरे होताच द्यायची. तरीही शंभरातल्या सुमारे ८५ मुलांनाच तिने संरक्षण मिळते. उरलेल्यांसाठी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी. तेव्हा ‘एकदा टोचलं ना, झालं!’ असे म्हणू नका.

बाकीचा क्रम असा: जन्मताच बी.सी.जी., पोलिओ आणि काविळीची लस. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरेंवरची एकत्र लस व पोलिओचे थेंब; जुलाब आणि न्यूमोनियावरच्या लशीही याच काळात. दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच वर्षांनंतर पुन्हा वर्धक मात्रा.

एखादी तारीख चुकली तर? पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिले तिथून पुढे चालू करायचे. थोडे पडसे असले म्हणूनही लस टाळू नये. टोचल्यावर दिवसभर अंग कोमट लागले तर घाबरू नका. ताप चढलाच तर आरोग्यसेविकेला विचारा.

आपल्याकडे खारजमिनीला बांध असतो. त्याला एका जागी भगदाड पडले, तरी भरतीचे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. गोवराचेही तसेच. शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच गावाचा बांध टिकतो. वीटभट्टीवर कामाला आलेल्या कुटुंबांची लेकरेही त्या शंभरात धरायची, बरे का!

गुरुजी, बाई, पहिलीत नाव घालताना मुलाचे लसीकरणाचे कार्ड जरूर मागा. ते नसले तर नाव मात्र नाकारू नका. त्याच्या आईला आशाताईंकडे पाठवा. आणि आयांनो, तुम्ही आज घरी ते कार्ड काढून पुढची तारीख पाहाल ना?